राखेची व्यवस्था

घरांत गॅस आला म्हणजे चूल गेली, असा समज शहरांत आहे. कोंकणांतील घरांचा अनुभव निराळा आहे. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यापूर्वींच आमच्याकडे सिलिंडर आला होता. तथापि बारा माणसांच्या आंघोळीचें पाणी अद्याप परसांतील पाणचुलीवरच तापतें, आणि राख रोज निघते. चुलीविषयीं घरांत चर्चा पुष्कळ होते. राख काढणें हें मात्र धाकट्या सुनेचें काम, असें न बोलतां ठरलेलें असतें.

राख निवलेली दिसते, पण तेवढ्यावर विश्वासूं नये. ती उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं आणि वाराही आंत फारसा येऊं देत नाहीं. म्हणून तिच्या पोटांतला निखारा तासन् तास धुमसत राहतो. आमच्या मातोश्री रात्रीं विस्तव राखेंत पुरीत आणि पहाटे उकरून फुंकीत. आगपेटीची काडी वांचे. जो गुण तोच धोकाही होय. गेल्या फाल्गुनांत शेजारच्या एका घरीं संध्याकाळची राख टोपलींत भरून गोठ्याच्या कुडाशीं ठेवलेली होती. पहाटे कूड पेटला. गुरें सोडतां आलीं, पेंढा सारा गेला. बोल सुनेला लागला. राख कोठें ठेवावी हें तिला कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें.

यास्तव आम्हीं घरीं नियम घातला आहे. सकाळीं चूल पेटविण्यापूर्वीं राख काढावी. लोखंडी डब्यांत भरून झाकण लावावें. डबा दगडावर, भिंत व गवत यांपासून दूर, निदान तीन दिवस ठेवावा. पुरती निवल्यावर उपसतांना पाण्याचा हलका शिडकावा द्यावा, म्हणजे धूळ छातींत जात नाहीं.

ओल्या राखेंत क्षार उतरतो, व तो हातांची कातडी सोलतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत वनस्पतींच्या राखेपासून क्षार करण्याला स्वतंत्र अध्याय आहे. आणि राखेवरूनच नांव पडलेल्या पोटॅशमधून हम्फ्री डेव्ही यांनीं १८०७ सालीं पोटॅशियम वेगळें केलें. म्हणून राखेनें भांडीं घासल्यावर हात स्वच्छ धुवावे. ॲल्युमिनियमला तर ती लावूंच नये, तें काळें पडतें.

कोंकणची जांभी माती आम्लधर्मी असल्यानें नारळाच्या आळ्यांत मूठ-दोन मूठ राख मानवते. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनींत ती घालूं नये. अमोनियम सल्फेटसारख्या खतांत मिसळल्यास अमोनिया उडून जातो. रंगविलेल्या लाकडाची किंवा प्लास्टिकची राख बागेंत मुळींच नको.

एवढें ज्ञान लागणारें काम एकट्या सुनेवर कां टाकावें? आमच्या घरीं आतां राखेची पाळी पुरुषांकडे आहे. वयाची सवलत नाहीं, सोमवार आमचा.