सोयरिकीच्या निमित्ताने

नगर

चि. छकुली,


तुझं पत्र मिळालं. वसईचं स्थळ घरात सगळ्यांना पसंत, मुलगा सालस, माणसं साधी. तरी रोज जेवताना विषय 'ते कॅथलिक, आपण सीएनआय' इथेच येऊन अडतो, असं तू लिहितेस. शेवटी विचारतेस, 'मामा, ख्रिस्त एकच ना, मग हे काय चाललंय?' प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर लांबणार. निवृत्त मास्तराच्या हाती पेन दिलंस, आता भोग.

आधी आपण सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कसे झालो ते ऐक. आपल्या खापरपणजोबांनी ल्यूथर आणि कॅल्विन ताडून पाहिले आणि मग पंथ निवडला, असं काही झालेलं नाही. मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता. १८१३ मध्ये मुंबईला सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. त्यामुळे इथल्या खेड्यातलं महाराचं किंवा मांगाचं घर ख्रिस्ती झालं की ते काँग्रिगेशनल. कोल्हापूर-सांगलीकडे प्रेस्बिटेरियन, नाशकाजवळ शरणपूरला अँग्लिकन, डहाणूकडे ब्रदरन. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत काम करायचं नाही, असा संकेत होता. तो मोडलाही गेला. नगर जिल्ह्यातच अँग्लिकनांची एस.पी.जी. ही मिशन संस्था येऊन बसली, आणि मग एकाच तालुक्यात दोन प्रकारचे प्रॉटेस्टंट झाले. तुझ्या सासरचंही तसंच. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणून ते कॅथलिक. 'आमची श्रद्धा' म्हणून आपण जे छातीठोक सांगतो त्यात तालुक्याचा नकाशा किती आणि श्रद्धा किती, हे ताईने, म्हणजे तुझ्या आईने, जेवताना एकदा मोजावं. माझं नाव सांगू नकोस.

या वाटणीचा कंटाळा आपल्या माणसांना फार आधी आला होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने झाला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला, कारण 'चर्च सांगतं म्हणून' हे त्यांना मान्यच नव्हतं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते कुठल्याही पंथाच्या दावणीला न बांधता. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा दिला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे चाहते एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. मला दोघांबद्दल अपार आदर आहे. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराचा जीवही गेला. एका माणसाच्या उत्कटतेवर उभं राहिलेलं ऐक्य त्याच्यामागे टिकत नाही. त्याला कंटाळवाणी माणसं लागतात. वर्षानुवर्षं बैठकांना जाणारी, मसुद्यातला एकेक शब्द खोडणारी.

अशी माणसं आपल्याकडे होती, आणि त्यांची कोणी आठवण काढत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर भारतातल्या चर्चच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली. दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात चर्च ऑफ साऊथ इंडिया होऊनही गेलं. उत्तरेत मात्र २९ नोव्हेंबर १९७० उजाडला. त्या दिवशी नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं: अँग्लिकन, युनायटेड चर्च (यात आपले काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन आधीच एकत्र होते), बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. एकेचाळीस वर्षं लागली. लग्न ठरायला तीन महिने लागले म्हणून रडणाऱ्या पोरीने हे लक्षात ठेवावं.

अडलं कुठे, तर मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली अडचण बिशपची. आपल्या काँग्रिगेशनल मंडळीत प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण बघणार, वर कोणी साहेब नको. अँग्लिकनांना बिशपच्या हाताखेरीज पाळकाची दीक्षाच पुरी वाटत नव्हती. मग आपल्या पाळकांना पुन्हा दीक्षा द्यायची का? म्हणजे आजवर त्यांनी दिलेलं प्रभुभोजन खोटं होतं? यावर तोडगा असा निघाला, की सगळ्यांनीच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. बिशपांच्याही डोक्यावर इतर परंपरेतल्या माणसांचे हात. या विधीने नेमकं काय घडलं, हे मुद्दाम मोकळं सोडलं. ज्याला ती दीक्षा वाटेल त्याने तशी समजावी, ज्याला परस्परांचा स्वीकार वाटेल त्याने तसा. काही पंडितांनी याला लबाडी म्हटलं. माझ्या मते त्या योजनेतली ती सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. जे ठरवणं माणसाच्या हातात नाही ते देवावर सोडलं, आणि तसं सांगून सोडलं.

दुसरी अडचण बाप्तिस्म्याची, आणि ती जास्त चिवट. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणणार, ज्याला समजतं त्यानेच विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घ्यावा, तान्ह्या मुलाला पाणी लावून काय उपयोग? बाकीचे तान्ह्यांना देत आलेले. सीएनआयने दोन्ही पद्धती एकाच छपराखाली ठेवल्या. आईबापांनी मूल आणलं तरी बाप्तिस्मा, मोठेपणी माणूस स्वतः आला तरी बाप्तिस्मा. ज्या प्रश्नावरून युरोपात माणसांना बुडवून मारलं, तो इथल्या पाळकांनी चहाच्या कपांवर सोडवला. सोडवला म्हणजे संपवला नाही. लहानपणी झालेला बाप्तिस्मा मोजायचा नाही, नव्याने घ्यायचा, असा कोणी हट्ट धरला की आजही पाळकाची झोप उडते.

आता या कौतुकाची दुसरी बाजू. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटीत होते, पण ऐन १९७० मध्ये मागे सरले. म्हणून मुंबई-पुण्यात मेथडिस्ट चर्च आजही निराळं. आणि जे आले त्यांच्यात जमिनी आल्या. मिशनचे बंगले, शाळा, दवाखाने, शहराच्या मध्यावरचे भूखंड. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये निकाल लागला, की नुसत्या ठरावाने मंडळी विसर्जित करून ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची वाट धरावी लागते. त्रैक्य आणि दीक्षा यांवर एकमत झालेली मंडळी सात-बाराच्या उताऱ्यावर फुटतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय. सिद्धान्त हे आपल्या ऐक्याचं मोठं संकट, असं ताई म्हणते, पण तसं नाही. मोठं संकट भाडं देणारी इमारत आहे. आणि तिच्या खालोखाल जात. कोणत्या वाड्यातून आलेलं घर आहे, हे सोयरीक जमवताना चर्चची पायरी चढलेली माणसंही हळूच विचारतात. तुझ्या बाबतीत 'पंथ' म्हणून जे कुजबुजलं जातंय त्यात ते किती मिसळलंय, हे मला तपासावंसं वाटतं.

कॅथलिकांशी आपलं असं विलीनीकरण झालेलं नाही, नजीकच्या काळात होईल असंही मला वाटत नाही. पण मधलं अंतर पूर्वीचं राहिलेलं नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यावरचा दस्तऐवज मंजूर केला. नागपूरच्या त्याच १९७० सालात, मार्चमध्ये, पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहाचे नियम सैल केले. त्याआधीच्या नियमांत बिगरकॅथलिक जोडीदाराकडूनही मुलांबद्दलचं वचन घ्यायचे. आता वचन देतो तो कॅथलिक जोडीदार: मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक रीतीने व्हावं म्हणून मला शक्य तेवढं करीन. तुला फक्त हे कळवलं जातं. तुझा बाप्तिस्मा त्यांना मान्य आहे, तो पुन्हा घ्यायचा नाही. तसं कुणी काकू-आत्या सुचवेल तर हसून फादरांकडे बोट दाखव. हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एकमेकांचा बाप्तिस्मा खरा मानला की उरलेलं भांडण एका घरातलं होतं.

एक टोचणारी गोष्ट मात्र लपवत नाही. आपल्या सीएनआयच्या प्रभुभोजनाला दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला बोलावतात. त्यांच्या मिस्सात तुला आणि आम्हाला सहसा ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. लग्नाच्या दिवशी अर्धं चर्च रांगेत आणि अर्धं बाकावर, हे चित्र मला नको. म्हणून मिस्साविना होणारा विवाहविधी मागा. मिश्र विवाहासाठी कॅथलिक चर्चही बहुधा तोच सुचवतं. वचनं, अंगठ्या, शास्त्रपाठ, प्रार्थना सगळं त्यात आहे. आपल्या पाळकसाहेबांना एक वाचन किंवा आशीर्वाद द्यायची विनंती आत्ताच करून ठेवा. गाण्यांत टिळकांची भजनं घ्या, त्यावर कोणी हद्द सांगणार नाही. आणि मुलांचं काय, हे दोघांनी लग्नाआधी बसून बोला, बारशाच्या आदल्या रात्री नको. तो वचन देणार आहे. ते तू ऐकलेलं, समजलेलं आणि पेललेलं असायला हवं. पेलणार नसेल तर तसं स्पष्ट सांग. मुलगा तेवढं ऐकून घेईल असा दिसतो.

दर रविवारी एकाच बाकावर बसायचं की आलटून पालटून, हे तुमचं तुम्ही ठरवा. नुसतं 'आपण सगळे एकच' म्हणत दोघांनीही घरी बसू नका. एवढ्या एका ऐक्याची मला भीती वाटते.

ताईला सांग, मी येत्या शनिवारी पुण्याला येतोय, तिच्याशी बोलतो. तोवर तू आपल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला शिक्क्यासकट काढून घे. वसईच्या फादरांना तो लागेल, आणि त्यांच्या बिशपांची परवानगी यायला थोडे दिवस जातात.

तुझा,
मामा