कोशा

आमचं घर चाकणजवळ, महाळुंग्याच्या बाजूला. बहुतेक जमीन एमआयडीसीत गेली, तरी तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, गोठा मोडू दिला नाही. त्यात कोशा असायचा. कोसा रंगाचा खिल्लार, मागे वळलेली लांब शिंगं, परका माणूस दावणीशी आला की खुरानं माती उकरणारा. तरणा असताना बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळालेला. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि खेड-मावळातल्या कितीतरी गाडामालकांनी बैल काढून टाकले. शेत नाही, शर्यत नाही, मग बैल पोसायचा कशाला, असं भावकी विचारायची. तात्या वैरण टाकत राहायचे.

2018 च्या पावसाळ्यात आजी गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. जो तो तात्यांपाशी बसून म्हणायचा, सोनं झालं तिचं, धीर धरा. तात्या नुसती मान हलवायचे. मग पाहुणे पांगले. आम्ही पहिल्या पाळीची कंपनीची बस गाठायला पहाटे घराबाहेर. तात्या अंथरुणातच. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास.

चुलीवरची पहिली भाकरी आजी कोशाला द्यायची. ती येईना, तसा तो स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून हंबरायला लागला आणि थांबेचना. दुसऱ्या कुणाला तो जवळ येऊ देत नव्हता, म्हणून तात्यांनाच उठावं लागलं. पाणी दाखवायचं, शेण काढायचं, कडबा तोडायचा, आंबवण ठेवायचं. भाकरीही तेच देऊ लागले. एवढं होईपर्यंत नऊ वाजायचे आणि त्यांना भूक लागायची.

एका रात्री दुसरी पाळी करून आलो तर गोठ्यात बोलण्याचा आवाज. तात्या कोशाच्या मानेखाली खाजवत आजीच्या दुखण्याचं सगळं सांगत होते आणि ढसाढसा रडत होते. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. कोशा मान लांब करून उभा होता, मधेच खरखरीत जिभेनं त्यांचा हात चाटत होता. गुरं एकमेकांना चाटतात तीही बहुधा मानेवरच. तिथे खाजवलं की जनावर सैलावतं. त्याला तात्यांचं दुःख कळत होतं, असं मी म्हणणार नाही. तो हलला नाही, एवढं मी पाहिलं. आम्हा सगळ्यांना मिळून जे जमलं नव्हतं, ते त्यानं केलं होतं.

2022 मध्ये लम्पीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले. लस टोचूनही कोशाच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले. तात्या गोठ्यातच बाजेवर झोपू लागले, जखमांना हळद-तेल लावू लागले. तेव्हा गल्लीतले लोक रात्री त्यांच्या सोबतीला येऊन बसायचे, बिहारहून कामाला आलेली भाडेकरू पोरंसुद्धा. कोशा त्यातून उठला. भादवी पोळ्याला तात्यांनी त्याची शिंगं रंगवली, पुरणपोळी भरवली. पुढच्या उन्हाळ्यात तो म्हातारपणानं गेला. शेजारच्या बांधकामावरच्या जेसीबीवाल्यानं खड्डा खणून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

घरातलं कुणी गेलं की मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा भार हलका करायचा म्हणून आपण आधी गोठा रिकामा करतो. आजी गेल्यावर काकांनीही शनिवारच्या चाकणच्या बाजारात कोशाचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. तुमच्याकडे अशी वेळ आली, तर निदान वर्षभर तरी दावण सोडू नका.