बेचाळीस दिवस

आपल्या घरांत दिवस मोजायची रीत जुनी आहे. रमजानचे रोजे मोजायचे, मय्यतीनंतर चाळिसावा मोजायचा, बाळंतिणीचे चाळीस दिवस मोजायचे आणि घरधनी गेला की इद्दतीचे चार महिने दहा दिवस. आम्ही शाफई. शाफई फिकहात निफासची कमाल मुदत ६० दिवस सांगितलेली आहे. पण रोहा-अष्टमीत किंवा पेणला कुठल्याही म्हातारीला विचारा, ती चाळीसच म्हणेल. त्या चाळीस दिवसांत बाळंतीण हंडा उचलत नाही, चुलीपुढे बसत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हरीरा असे काही ना काही कोणीतरी करून आणते. माहेरची येते, नाही तर नणंद येते. कोणीच नसेल तर शेजारीण येते. गरिबातल्या गरीब घरातही हे होताना आम्ही पाहिले आहे.

पण जी पिशवी नऊ महिने बाळ सांभाळते, तीच पोट कापून काढून टाकली तर किती दिवस मोजायचे? हे आम्हाला ना आईने सांगितले होते, ना सासूने. डॉक्टरबाईंनी सांगितले. सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस. बाळंतिणीहून दोन जास्तच.

आमचे ऑपरेशन पेणला झाले, २८ जुलै २०२२ रोजी. वय एक्कावन्न. पिशवीत गाठी होत्या. दोन वर्षे गोळ्या घेऊन पाहिल्या, पण महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचे. हिमोग्लोबिन सातावर आले, शाळेचे दोन जिने चढताना मधे थांबावे लागे. शेवटी आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि मग ऑपरेशन. अंडाशये चांगली होती, ती ठेवली. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या बायका ‘सगळं काढलं’ एवढेच सांगतात. काय काढले आणि काय ठेवले हे विचारतच नाहीत. पुढच्या आयुष्यातल्या हाडांचा, झोपेचा, अंगातून निघणाऱ्या वाफांचा हिशेब त्यावर असतो.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी विचारले, “घरी कोण कोण असतं?”

आम्ही म्हणालो, “आम्हीच.”

“आम्ही म्हणजे किती जण?”

त्यांची चूक नव्हती. उर्दू शाळेत शिकलो, उर्दू शाळेतच शिकवतो. ‘हम’ म्हणायची जिभेला सवय, तीच मराठीत येते. आमचे मालक २०१७ मध्ये वारले. मुलगी मस्कतला, तिच्या कडेवर पाच महिन्यांचे मूल. मुलगा नवी मुंबईत नोकरीला. त्याने रजा काढली, दवाखान्यात रात्री काढल्या, घरी आणून सोडले आणि ७ ऑगस्टच्या रविवारी गेला. त्याला नावे ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. नवी नोकरी होती, आणि आईचे पॅड आणून देताना त्या पोराचा चेहरा कसा होत असे ते आम्ही पाहिले आहे.

पेण ते रोहा हे अंतर चाळीस-एक किलोमीटरचे. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चाललेले, आणि पावसाळ्यातले त्याचे खड्डे रायगडच्या माणसाला नव्याने सांगायला नकोत. पोटावर ताजे टाके असताना मात्र ते एकेक खड्ड्याने समजतात. नर्सने एक उशी दिली होती, ती दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरायची. खोकताना, हसताना, गाडी आदळताना. गणपतीला महिना उरला होता. आमच्या पुढे पेणहून निघालेला मूर्तींचा टेम्पो होता. मूर्तींच्या मधे पेंढा कोंबलेला, ड्रायव्हर खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवून, मग हळूच उतरवत होता. मुलगा हॉर्न देऊ लागला. आम्ही म्हणालो, नको, त्याच्या मागेच राहा. नागोठण्यापर्यंत असेच आलो.

आता घर. ऑपरेशनच्या आधीच आम्ही घर कमरेच्या उंचीवर आणून ठेवले होते. खालच्या फळीवरची भांडी ओट्यावर, पिठाचा मोठा डबा रिकामा करून अर्ध्या किलोचे चार डबे, पाण्याची कळशी बाजूला आणि तांब्याने भरायचे छोटे पातेले पुढे. भरलेल्या चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचे नाही, असे सांगितले होते. खाटेवरून उठताना सरळ उठायचे नाही, आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचे. दर दोन तासांनी घरातल्या घरात चालायचे, नाही तर पायात रक्ताची गुठळी होते. संडास जुन्या पद्धतीचा. उकिडवे बसणे अशक्य, म्हणून एक कमोडची खुर्ची विकत आणली. या खुर्चीला आम्ही आधी फार लाजलो. ती माळ्यावर चादरीखाली लपवली होती.

दाराला आतून कडी लावायची की नाही हा प्रश्न मात्र सुटेना. एकट्या बाईने कडी लावलीच पाहिजे. आणि आत पडलो तर कडी काढणार कोण? शेवटी कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या घरात दिली. सासू, सून, दोन मुले असे ते घर; सुनेचा नवरा कुवेतला.

पहिल्या आठवड्यात भेटायला बायका आल्या. येणारच. पण बाळंतिणीकडे आलेली बाई पदर खोचून आत जाते, आणि आमच्याकडे आलेली बाई खुर्चीवर बसते. बाळ नाही, त्यामुळे बघण्यासारखे काही नाही. दहा मिनिटे शांतता, मग “आता काय, सुटलात एकदाच्या,” नाही तर हलक्या आवाजात, “आता बाईपण राहिलं नाही म्हणतात, खरं का?” आणि त्यांना चहा कोण देणार? एकदा आम्हीच उठलो, कुशीवर वळून, पाय सोडून, हातावर जोर देऊन. चहा झाला तोवर त्या निघाल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात कोणी आले नाही. यात दुष्टावा नव्हता. या आजारपणात दुसऱ्या बाईने काय करायचे असते, हे कोणी शिकवलेलेच नाही. शिवाय हे बोलायचे नसते. पुरुषांना ‘पोटाचे ऑपरेशन’ सांगायचे, फार खोदून विचारले तर ‘हर्निया’.

नमाजचेही असेच. एक खाला म्हणाल्या, “अंगावरून जातंय तोवर नमाज माफ.” आम्हाला ते पटेना. मौलानांना तोंडाने विचारायची लाज, म्हणून कागदावर लिहून त्यांच्या घरातून विचारले. उत्तर आले की पिशवीच काढलेली, तर हे हैज नव्हे आणि निफासही नव्हे. हे जखमेचे रक्त. नमाज राहते. वेळ झाल्यावर साफ होऊन प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करावा, आणि वाकवत नसेल तर बसून, इशाऱ्याने पढावी. सजद्याला रुकूपेक्षा थोडे जास्त झुकावे. किती बायका केवळ न विचारल्यामुळे महिना-महिना मुसल्यापासून दूर बसल्या असतील! आम्ही खुर्चीवर बसून पढू लागलो. एकट्या माणसाला पाच वेळा कोणीतरी उठवते, ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. बाईपणाचा प्रश्न विचारणाऱ्यांना तेव्हा उत्तर दिले नाही, आता देतो. अरबीत पिशवीला ‘रहिम’ म्हणतात. रे, हे, मीम. रहमान आणि रहीम याच तीन अक्षरांतून येतात. आमची पिशवी गेली. ती अक्षरे प्रत्येक रकातीत तोंडात होतीच.

बारावा दिवस, ८ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी मोहरमची दहावी. बाहेर पाऊस, वीज गेलेली. रात्री अडीचच्या सुमारास ओले लागले म्हणून जाग आली. मोबाइलच्या उजेडात पाहिले तर ताजे, लाल रक्त. आम्ही पाच मिनिटे नुसत्या बसून होतो. मुलाला फोन करावा तर तो काय करणार? मुलीला करावा तर ती मस्कतमध्ये रडणार. डॉक्टरबाईंना लावला. त्यांनी उचलला, अल्लाह त्यांना सुखी ठेवो. त्यांनी एकच विचारले: “एक पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय का?” भिजत असेल, गाठी पडत असतील, ताप किंवा घाण वास असेल तर ताबडतोब गाडी करून यायचे. नसेल तर पडून राहायचे आणि सकाळी दाखवायचे. आतले टाके विरघळू लागले की दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास असे थोडे वाढू शकते, असेही त्या म्हणाल्या. पण हा तास एकटीने मोजायचा कसा?

मग शेजारी फोन लावला. सून सहरीसाठी गजर लावून झोपली होती, ती गजराच्या आधीच उठली. किल्लीने दार उघडून आत आली. मेणबत्ती लावली, चादर बदलली, पायाखाली उशी दिली आणि भिंतीवरचे घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसली. साडेतीन वाजले. पॅड अर्धेही भिजले नव्हते. तिने आमच्याच ओट्यावर चहा केला, रात्रीची भाकरी आणि दूध असे खाऊन रोजा धरला. फजरपर्यंत रक्त कमी झाले. सकाळी रिक्षाने जाऊन दाखवले. काळजीचे काही नव्हते.

त्या रात्री ती पोर जे बोलली ते आम्ही विसरलेलो नाही. तिच्या सासूचेही हेच ऑपरेशन झाले होते, तीन वर्षांपूर्वी. एका भिंतीपलीकडे. आम्हाला पत्ता नव्हता. ‘पोटाचे ऑपरेशन’ एवढेच कळले होते. “अम्मी दहाव्या दिवशी भाकऱ्या थापत होत्या. मी नवीन होते. थांबवायचं असतं हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, सरळ मोरीत जाऊन आमचे कपडे धुऊ लागल्या. अडवले तर म्हणाल्या, “मला कोणी धुऊन दिले नाहीत, म्हणून तर आलेय.” नंतर कळले की आमच्याच गल्लीत अशा आम्ही पाच जणी होतो.

पडल्या पडल्या पुष्कळ वाचले. बीडच्या ऊसतोड बायकांचे आधी वर्तमानपत्रात वाचले होतेच. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला की ‘खाडा’, त्याचा दंड. पाळीचे दुखणे परवडत नाही म्हणून पिशवीच काढायची आणि पुन्हा फडात. त्यांना बेचाळीस दिवस कोणी दिले असतील? सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना नको असलेल्या अशा ऑपरेशनांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. ते झाले ऑपरेशनच्या आधीचे. नंतरचे कोण बघणार? आमच्याकडे सुकट घेऊन येणारी एक कातकरी बाई आहे. आम्हाला खाटेवर पाहून तिने विचारले, काय झाले. सांगितले तर हसली आणि लुगड्याच्या गाठीवर हात ठेवून म्हणाली, “माझी पण काढलीय. पंधराव्या दिवशी मोळी आणली.” डोक्यावरची पाटी तिने स्वतःच उतरवली होती, स्वतःच उचलली. आम्ही हात लावू शकत नव्हतो.

डॉक्टरीच्या इतिहासात एका बाईची गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या केंटकीची जेन टॉड क्रॉफर्ड. तिच्या पोटातली अंडाशयाची गाठ, दहा किलोच्या आसपासची, डॉ. मॅकडॉवेल यांनी १८०९ च्या डिसेंबरात काढली. भुलीचे औषध तेव्हा नव्हते. ती साठ मैल घोड्यावर बसून आली होती. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहतात तर ती उठून आपले अंथरूण आवरत होती. पंचविसाव्या दिवशी घरी निघाली. हे तिच्या धैर्याचे म्हणून सांगतात, आणि ते होतेच. पण आम्हाला वाचताना वाटले, अंथरूण आवरायला दुसरे कोणी नव्हते का?

बेचाळिसावा दिवस ७ सप्टेंबरला संपला. गल्लीत कोणाला त्याचे काही नव्हते. सासूबाईंनी मात्र आठवणीने सांदणे पाठवली. पंधरवड्यानंतर शाळेत रुजू झालो.

त्यानंतर कोणाचे ‘पोटाचे ऑपरेशन’ कानावर आले की आम्ही आडपडदा न ठेवता विचारतो, “पिशवीचे का?” काही जणी रागावतात, बहुतेक जणी रडतात. पेणला एक ओळखीची बाई होती, तिच्याकडे आम्ही आणि शेजारच्या सासूबाई आळीपाळीने एस.टी.ने जात होतो. ती चहा करायला उठू लागली की आधी तिला बसवायचे, हे सासूबाईंचे काम. ती कमोडची खुर्ची माळ्यावर परत चढलीच नाही. पेणहून ती अष्टमीतल्या दोन घरांत गेली, मग धाटावला, सध्या नागोठण्याला आहे. तिच्या एका पायाचे रबर निघाले आहे. पुढे जिच्याकडे जाईल तिने ते आधी बसवून घ्यावे. ओल्या फरशीवर खुर्ची सरकते.