थरथर शोधणारी पोरं

आमच्या पिढीने खरं हेलिकॉप्टर पाहिलं ते निवडणुकीत. सभेच्या दिवशी सकाळीच टँकरने मैदानावर पाणी मारलं जायचं, फक्कीने गोल आखून मध्ये एच काढला जायचा आणि पोलिसांनी कितीही हाकललं तरी हिंगोलीची पोरं दोरीला चिकटून उभी राहायची. भाषण कुणाचं, पक्ष कोणता, याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. पंखा फिरायला लागला की पाणी मारलेल्या जमिनीतूनही धूळ उठायची, टोप्या उडायच्या आणि ते धूड जमिनीपासून जरा वर येऊन क्षणभर थबकायचं, मग नाक खाली घालून पुढे निघायचं. त्या थबकण्यावर आमचा जीव जडला. विमान पुढे पळतं म्हणून वर राहतं, एवढं पुस्तकात होतं. पण एका जागी उभं राहून हे वर कसं राहतं, ते सांगणारं गल्लीत कुणी नव्हतं.

आता उडणाऱ्या वस्तूचं अप्रूप राहिलं नाही. हळदीला ड्रोन, लग्नाला ड्रोन, मिरवणुकीला ड्रोन, गावठाणाच्या मोजणीलाही ड्रोन. डोक्यावर घरघर ऐकू आली की लेकरं एकदा वर बघतात आणि पुन्हा जेवायला लागतात. ते एका जागी कसं थांबतं, असा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण न थांबणारं त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

तेव्हा उडणारी वस्तू सहज विकत मिळत नव्हती, म्हणून ती करून बघावी लागायची. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं पातं आणि दोन पेन्सिल सेल. पातं फिरायचं, हाताला वारा लागायचा, पण मोटर टेबलावरून उचलायची नाही. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. त्या दसऱ्याच्या प्रदर्शनात दोरी ओढून उडवायची प्लॅस्टिकची चकती मिळायची. ती वर जायची खरी, पण एकदा सुटली की आपल्या हातात काही उरायचं नाही. थेट शेजाऱ्याच्या पत्र्यावर.

मग २०१० च्या आसपास बॅटरीवरची हेलिकॉप्टरं आमच्यापर्यंत पोचली. रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर ही काही नवी गोष्ट नव्हती. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटरने १९७० च्या सुमारासच ते उडवून दाखवलं होतं. पण ती इंधनावरची, महागडी यंत्रं होती. हलकी लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि छोटी मोटर आली तेव्हा हा छंद मध्यमवर्गीय घराच्या दारात आला. दारात म्हणजे कसा, तर गल्लीत एखाद्याच्या मामाने पुण्याहून किंवा हैदराबादहून आणलं, तर ते सगळ्या गल्लीचं. मालक एक आणि हातभार लावणारे दहा.

आता खोक्यातून काढलं की खेळणं उडतं. हवेचा दाब मोजून उंची धरणारा सेन्सर आत असतो, कुठे कललंय ते सांगणारे जायरो असतात आणि सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करून चारही मोटरींचा वेग सावरणारी चिप असते. दोन्ही हात सोडले तरी ते छातीएवढ्या उंचीवर उभं राहतं. जरा महागातलं असेल, तर बटण दाबताच उपग्रहाच्या खुणेवरून निघाल्या जागी परत येतं. सहा वर्षांचं पोर पहिल्या मिनिटाला ते उडवतं आणि आठव्या दिवशी ते कपाटावर ठेवलेलं असतं.

तेव्हा पहिल्या दिवशी कुणी उडवतच नसे. बांबूच्या दोन लांब कामट्या फुलीसारख्या बांधून हेलिकॉप्टरच्या पायांखाली लावायच्या, चार टोकांना थर्माकोलचे गोळे खोचायचे, म्हणजे ते कलंडलं तरी पातं जमिनीला घासत नसे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातली गुळगुळीत फरशी हे आमचं विमानतळ. सकाळी वारा उठायच्या आत पोचायचं. डाव्या हाताने थ्रॉटल इतकंच द्यायचं की यंत्र हलकं होऊन फरशीवर सरकायला लागावं. उचलायचं नाही, सरकू द्यायचं, थांबवायचं, पुन्हा सरकू द्यायचं. शेपटी कायम आपल्याकडे ठेवायची. कारण नाक आपल्याकडे वळलं की यंत्राचं डावं आपलं उजवं होतं आणि घाबरलेला हात नेमकी उलटी कांडी ओढतो.

त्यातही एक पेच होता. जमिनीलगत हातभर उंचीवर पंख्याचाच वारा आपटून परत येतो आणि यंत्र अस्वस्थ होतं. जरा वर नेलं की शांत होतं. म्हणजे भीती वाटेल त्या उंचीवर ते सोपं आणि धीर वाटेल त्या उंचीवर अवघड. हे कुणी समजावून सांगितल्याने पटत नाही. आपल्या अंगठ्यांना ते एके दिवशी कळतं. त्या दिवशी यंत्र काही क्षण खरोखर एका जागी थांबतं आणि व्हरांड्यातली सगळी पोरं श्वास धरून उभी राहतात.

आठवणीत ते थांबणं फार वेळ चालतं. आठवणीवर एवढा विश्वास ठेवू नये. बॅटरी सात-आठ मिनिटांत उतरायची आणि पुन्हा भरायला तास जायचा. त्यात भारनियमन. वीज यायची तेव्हा शाळा असायची आणि सुट्टी असायची तेव्हा वीज नसायची. त्या बॅटरीचं एक घर भरलं की ४.२ व्होल्ट दाखवतं आणि ३ व्होल्टच्या खाली नेलं तर कायमचं बिघडतं, हे माहीत नसल्याने कित्येक बॅटऱ्या फुगून टम्म झाल्या. स्वस्तातली इन्फ्रारेडवाली हेलिकॉप्टरं तर मराठवाड्याच्या उन्हात अंगणात नेली की रिमोटचं ऐकतच नसत, कारण सूर्यप्रकाशातच इन्फ्रारेड इतकं की रिमोटची खूण त्यात हरवून जायची. एक पातं मोडलं तर सुटा भाग महानगरातून टपालाने यायला पंधरवडा. बऱ्याच मुलांचा छंद त्या पंधरवड्यातच संपला. मुलींच्या हातात तर रिमोट कुणी दिलाच नाही. त्या व्हरांड्याच्या कडेला उभ्या असत. तेव्हा ते आम्हाला खटकलं नाही, हे आज फार खटकतं.

इतकं असूनही त्या दिवसांतलं एक काम आठवलं की गलबलून येतं. उडवण्याचं नव्हे, यंत्र पडल्यानंतरचं. यंत्र पडलं की ते उचलून वर्तमानपत्रावर ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. प्रश्न ठरलेला असायचा: थरथर कुठून येते? पंख्यातून की शेपटीतून? सगळं अंगच शहारतंय, तर मधला दांडा वाकला असणार. मग दांडा सोडवून खिडकीच्या काचेवर ठेवायचा, एका बोटाने हळू लोटायचा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघायचं. सरळ दांडा गुपचूप घरंगळतो. वाकलेला असेल तर त्याच्याखालून उजेडाची रेघ उघडमीट करते. ती रेघ ज्याला पहिल्यांदा दिसायची, त्याचा त्या दिवशी मान.

दांडा सरळ निघाला तर पात्यांकडे वळायचं. एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याला निळी. यंत्र दाबून धरून पंखा फिरवायचा आणि लांब उभं राहून बाजूने बघायचं. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरत असतील तर कडेला एकच रेघ दिसते. दोन रेघा दिसल्या तर कोणता रंग वर चाललाय ते बघायचं आणि त्या पात्याची जोडकाडी अर्धा आटा फिरवायची. पुन्हा फिरवा, पुन्हा बघा. शेपटी एकाच दिशेने गरगरत असेल तर कारण वेगळं. वरचा पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने धड फिरायला बघतं आणि त्याला आवरण्याचं काम शेपटीच्या छोट्या पंख्याचं. ती छोटी मोटर फार लवकर झिजायची. उचलतच नसेल तर मोटरच्या टोकावरचं पिनियन सैल झालंय का, मोठ्या चाकाचे दाते खाल्ले गेलेत का, ते बघायचं. तार सुटली असेल तर टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायचं. "काका, एवढं सोल्डर मारून द्या ना," म्हटलं की काका हातातलं काम बाजूला ठेवून चष्मा कपाळावर सरकवत, पैसे घेत नसत आणि परत उडतं का ते दाखवायला मात्र बोलवत.

आता पडलेल्या ड्रोनभोवती कुणी बसत नाही. आत एकच हिरवी पाटी, तिच्यावर तांदळाएवढे भाग, आणि ते उघडलं तर वॉरंटी जाते. बिघडलं तर परत पाठवा, नाहीतर नवं मागवा. त्यात लेकरांचा दोष नाही, उघडून काही कळावं असं ते बनवलेलंच नाही. आम्हाला कारण सापडायचं, कारण ते डोळ्यांनी दिसण्याइतकं मोठं असायचं.

तेव्हाच्या हिकमतीची थोरवी गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीला, वेल्डिंगचं काम करणारा एक तरुण स्वतः बनवलेल्या माणूस बसेल अशा हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. पातं तुटून डोक्याला लागलं. बातमी वाचली त्या दिवशी आमच्या पिढीतल्या अनेकांना आपलाच भाऊ गेल्यासारखं वाटलं. त्याच्याजवळ कसब होतं, धाडस होतं. ते तपासून बघणारी प्रयोगशाळा आणि "अजून थांब, बाळा" म्हणणारा जाणकार माणूस त्याच्या गावात नव्हता. जुगाडाला टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनी ही उणीव आधी पाहायला हवी होती.

आणि आताच्या ड्रोनने जे केलंय, तेही मोठं आहे. वसमतच्या हळदीत, सेनगावच्या सोयाबीनमध्ये फवारणी म्हणजे पाठीवर सोळा लिटरचा पंप, तोंडाला रुमाल आणि वाऱ्याची दिशा बदलली की औषध आपल्याच अंगावर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. आज दहा लिटरची टाकी घेऊन ड्रोन काही मिनिटांत एकर उरकतो आणि चालवणारा बांधावर उभा असतो. उभी असते म्हणायला हवं, कारण २०२३ साली मंजूर झालेली नमो ड्रोन दीदी योजना १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी आहे. ज्या मुली व्हरांड्याच्या कडेला उभ्या राहिल्या, त्यांच्या धाकट्या बहिणींच्या हातात रिमोट आला. हे पाहून जुने दिवस परत यावेत असं कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही.

मग हळहळ कशाची? त्या वर्तमानपत्राभोवतीच्या बैठकीची. तिथे आम्हाला कुणी विज्ञान शिकवलं नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की पुन्हा बघायचं आणि सापडलं नाही म्हणून यंत्राला शिव्या द्यायच्या नाहीत, हे अंगात मुरलं. आता आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझर सोडून गुरुत्वीय लहरी पकडायच्या. त्या लहरींनी होणारी हालचाल इतकी बारीक की प्रोटॉनच्या व्यासाचा हजारावा भागही तिच्यापुढे मोठा. म्हणून तिथल्या माणसांना आधी वाऱ्याची, रस्त्यावरच्या ट्रकची, जमिनीच्या पोटातली थरथर ओळखून वेगळी काढावी लागणार. प्रश्न तोच: थरथर कुठून येते? तो विचारायची सवय असलेली पोरं याच जिल्ह्यातली असावीत, असं मनापासून वाटतं.

त्यासाठी जुनं हेलिकॉप्टर परत आणायची गरज नाही. चार स्क्रूंनी उघडतील, सुटे भाग मिळतील, अशी साधी यंत्रं आजही घेता येतात. शाळेच्या एका खोलीत ती ठेवता येतात आणि मोडली म्हणून न रागावणारा एक शिक्षक तिथे बसू शकतो. दसऱ्याच्या प्रदर्शनात पाळण्यांच्या गर्दीत दुरुस्तीचं एक टेबल मांडता येईल. उद्या हळदीच्या वावरात भर हंगामात ड्रोन पडेल. तेव्हा शहरातल्या केंद्राला फोन लावून हंगाम जाईपर्यंत वाट बघण्याऐवजी तो बांधावर उलटा ठेवून कारण शोधणं गावातल्या कुणाला तरी यायला हवं. असं माणूस यंत्र पडू देऊन, उघडू देऊनच तयार होतं. तेवढी मुभा आम्हाला आपसूक मिळाली होती. आताच्या लेकरांना ती आपण ठरवून द्यायला हवी.