मायचे नंबर

केबलला दर महिन्याला पैसे मोजणारी माणसं हिशेब करत नाहीत, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. पतसंस्थेत डबा खाताना म्हणायचे, नणंदेला म्हणायचे, धुळ्याला गेले की मायलाही ऐकवायचे. आता म्हणत नाही. का, ते सांगायचं तर मला माझ्याच वहीतली काही पानं उघडावी लागतील, आणि त्यातलं एक पान मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

मी जळगावला एका पतसंस्थेत हिशेब बघते. घरचा जमाखर्चही माझ्याकडेच असतो. टीव्हीचा खर्च वेगळा लिहायला सुरुवात झाली 2019च्या फेब्रुवारीत. त्याआधी केबलवाला दाखवेल ती चॅनेलं आणि सांगेल ती रक्कम, असा मामला होता. ट्रायचे नवे नियम लागू झाले आणि पहिल्यांदाच आकडे उघडे पडले. 100 चॅनेलांच्या जोडणीचे 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पैसे देऊन बघायची चॅनेलं त्यावर वेगळी. त्या रात्री भांडी आवरल्यावर मी वहीत उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि आमच्याकडे कोण काय बघतं ते मांडलं. सासऱ्यांच्या बातम्या, यांचं क्रिकेट, माझ्या दोन मालिका. मुलगी टीव्हीकडे फिरकतच नव्हती. मोजून सात चॅनेलं निघाली. तरी बिल पूर्वीपेक्षा वाढूनच आलं. पुढच्या वर्षी मार्चपासून त्याच 130 रुपयांत 200 चॅनेलं मिळायला लागली, पण सातच चॅनेलं बघणाऱ्या घराला त्याचा काय उपयोग? हा सल माझ्या मनात पाच वर्षं राहिला.

मुलीच्या अभ्यासासाठी घरात फायबरचं नेट आलेलंच होतं. 2024च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्ह्ज' सुरू केलं आणि सह्याद्री वाहिनी मोबाइलवर फुकट दिसू लागली. 2025च्या 14 फेब्रुवारीला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, क्रिकेटची सोय एका जागी झाली. राहिल्या मालिका आणि बातम्या. त्यासाठी लाइव्ह टीव्हीचं एक स्वस्त पॅकेज सापडलं. सगळं मिळून महिन्याला 200 रुपयांच्या आत बसत होतं. केबलला आम्ही 430 देत होतो. मी बेरीज तीनदा तपासली आणि केबलवाल्या भाऊंना फोन केला.

ते आले, बॉक्स काढला, काही बोलले नाहीत. खांबावरून गच्चीवर आलेली काळी वायर त्यांनी सोडवली, तिचं वेटोळं करून टाकीच्या पाइपाला बांधलं. "राहू द्या ताई, लागली तर," एवढंच म्हणाले. उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन आमच्या गल्लीत फिरणारा हा माणूस. मी त्यांना चहा विचारला आणि मनात वाचलेल्या पैशांचा विचार करत राहिले.

तीनच आठवड्यांत 9 मार्च आला. चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत, दुबईत, न्यूझीलंडबरोबर. 49वं षटक चालू होतं. आमच्या पडद्यावर जडेजा अजून बॅट टेकवून उभा होता आणि शेजारच्या घरातून आरोळी उठली. मग समोरच्या घरातून. मग कोपऱ्यावर फटाक्यांची माळ. सासरे माझ्याकडे बघत होते आणि आमचा जडेजा अजून उभाच होता. तो चौकार आम्ही पाहिला तेव्हा गल्लीतली मुलं रस्त्यावर आलेली होती.

नंतर मी मुलीकडून समजून घेतलं. केबलचं चित्र उपग्रहावरून केबलच्या कंट्रोल रूममध्ये उतरतं आणि वायरीतून सरळ घरात येतं. नेटवर तेच चित्र आधी काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, ते तुकडे दूरच्या सर्व्हरवर ठेवले जातात, आणि मधेच अडकू नये म्हणून आपला टीव्ही दोन-चार तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतो. म्हणून आपण अर्धा मिनिट मागे. मी म्हटलं, अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं? जळगावच्या घरापुरतं ते खरंच होतं, आजही आहे.

त्या मे महिन्यात मी हीच व्यवस्था मायसाठी करायला धुळ्याला गेले.

माय तिथे देवपूरला एकटी राहते. वय 76. भाऊ सुरतेला, मी जळगावला. दोघांमध्ये मीच जवळची, पारोळ्यामार्गे एसटीने अडीच तासांत पोचते. मायचा टीव्ही सकाळी देवपूजा झाली की सुरू होतो. ती एका जागी बसून बघते असं नाही. भाकरी थापताना ऐकते, गहू निवडताना मान वर करते. ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' होती, तिचे 3000च्या वर भाग झाले, 2001 ते 2013. माझं लग्न, बाबांचं आजारपण, बाबांचं जाणं, सगळं त्या मालिकेच्या काळात झालं. बाबा गेल्यावर तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घरात पहिल्यांदा कुणाचा आवाज झाला तो टीव्हीचा. तिनंच लावला होता.

धुळ्यासारख्या शहरांमध्ये सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्याची मुदत होती 2015चा डिसेंबर. आमच्या देवपूरच्या घरातही त्याच सुमारास बॉक्स आला. तेव्हा मायला वाटलं होतं की आपला टीव्ही गेला. केबलवाल्याच्या मुलानं तिला शेजारी बसवून एकेक नंबर दाबायला शिकवलं. तिनं ते नंबर कालनिर्णयच्या जुन्या पानामागे पेन्सिलीनं लिहिले आणि पान देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलं. माय चौथीपर्यंत शिकलेली. तिचा 4 उलट्या खुर्चीसारखा दिसतो. नावं लिहिलेली नव्हती. नंबरापुढे एक दिवा काढलेला म्हणजे देवाचं चॅनेल, एक बांगडी म्हणजे मालिका, एक चौकोन म्हणजे बातम्या, आणि एक घागर. ती घागर गावातल्या केबलच्या चॅनेलची. त्याच्या खालच्या पट्टीवर कोणत्या भागात पाणी कधी सुटणार ते येतं, म्हणून घागर. चैत्रात एकवीरा देवीची यात्रा त्याच चॅनेलवर दिसते. गुडघे दुखायला लागल्यापासून मायची यात्रा तीच.

महिन्याभरात ते पान तिला बघावं लागेनासं झालं. अंधारात, चष्मा न लावता, अंगठ्यानं ती तीन आकडे दाबायची आणि हवं ते समोर यायचं. रिमोटवर प्लास्टिकची पिशवी, तिला रबर, आणि पिशवीतूनही दिसावं इतकं 4चं बटण झिजलेलं.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी टीव्हीच्या मागे नेटवरचा टीव्ही दाखवणारी स्टिक लावली, पॅकेज सुरू केलं, केबल बंद करायला सांगितली. मायला म्हटलं, आता महिन्याचे पैसे वाचतील. ती "बरं" म्हणाली.

आता ते न दाखवलेलं पान. मायच्या घरी नेट नव्हतं. ते घ्यावं लागलं, आणि त्याचं महिन्याचं बिल केबलपेक्षा जास्त होतं. मी ते टीव्हीच्या खर्चात लिहिलं नाही. वेगळ्या पानावर लिहिलं, वर शीर्षक घातलं 'मायशी व्हिडिओ कॉल', आणि टीव्हीच्या पानावर बचत दाखवली. पतसंस्थेत कुणी असा हिशेब माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो परत केला असता. घरी मी स्वतःच तो केला आणि भावाला फोनवर बचतीचा आकडा सांगितला.

श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी रोटांसाठी सगळं भाऊबंद धुळ्याला जमतं. मी आदल्या दिवशीच गेले. टीव्हीवर विणलेला रुमाल टाकलेला होता. दुपारी मावशी म्हणाली, लाव ना वं टीव्ही जरा. मायनं पुरणाच्या पाट्यावरून मान वर न करता उत्तर दिलं, "टीव्ही बिघडी गया."

टीव्ही बिघडलेला नव्हता. मला ते माहीत होतं आणि मायलाही. चारचौघींत माझी चूक उघडी पडू नये म्हणून ती खोटं बोलली.

रात्री सगळे झोपल्यावर मी रुमाल काढला, तिच्या हातात रिमोट दिला आणि म्हटलं, माय, लावून दाखव. तो रिमोट मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्याच्यावर आकडेच नव्हते. एक गोल, काही खुणा. मायचा अंगठा सवयीनं खाली गेला, जिथे आकडे असायचे तिथे, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर फिरत राहिला. पडदा उजळला. कोण बघतंय, असं त्यानं विचारलं. खाली माझं नाव होतं आणि माझ्या मुलीचं. मायचं नाव मी घातलंच नव्हतं. तिनं नातीच्या नावावर थांबून बटण दाबलं. मग चित्रंच चित्रं, सिनेमांची, कुणाकुणाच्या चेहऱ्यांची, आणि त्यात तिला हवं ते कुठेच नाही.

"यामा नंबरच नही शेतस," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुना इतला पैसा गया, तुले कसं सांगू?"

तीन महिने ती शेजारी जाऊन बघत होती. तेही रोज नाही, त्यांच्याकडे पाहुणे नसतील त्या दिवशी. एरवी आकाशवाणी लावायची. पाणी सुटल्याचं तिला दोनदा उशिरा कळलं होतं.

मी टीव्ही म्हणजे चॅनेलांची यादी समजत होते. सात हवीत, सातांचे पैसे द्या. मायसाठी टीव्ही ही सुरू केली की आपणहून बोलायला लागणारी वस्तू होती. नेटवरचा टीव्ही तुमच्या निवडीची वाट बघत गप्प बसतो. भरल्या घरात ते चालतं, आमच्याकडे चालतंच. एकट्या माणसाच्या घरात ती शांतता मोठी असते. आणि तीस-पस्तीस वर्षांत मायनं तीनदा टीव्ही नव्यानं शिकून घेतला होता, अँटेनाचा, केबलचा, बॉक्सचा. चौथ्यांदाही शिकली असती. शेजारी बसून शिकवायला मी थांबले नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसनं परत आले.

मावशीनं सुचवलं, छत्री बसव. साक्रीकडे तिच्या घरी डीडी फ्री डिश आहे. 2004पासून चालू असलेली दूरदर्शनची ही सेवा, डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच, नंतर महिन्याला काही नाही. खेड्यापाड्यांत हाच सगळ्यांत स्वस्त टीव्ही आणि मला तो मनापासून पटतो. पण मायच्या आवडत्या मालिका त्यावर लागत नाहीत आणि घागरीचं चॅनेलही नाही. ते मी तिला विचारून ठरवलं. या वेळी विचारलं.

केबल पुन्हा जोडायला आला तो तोच मुलगा, आता चाळिशीचा. आता त्याचा अर्धा धंदा फायबरचा. देशात पैसे देऊन टीव्ही बघणारी घरं 2018 मध्ये 15 कोटी 10 लाख होती, 2024 मध्ये 11 कोटी 10 लाख उरली, हे मी वाचलेलं होतं आणि त्या आकड्याचा मला आनंदही झाला होता. त्यानं बॉक्स लावला, मायनं रिमोट घेतला आणि तिचा चेहरा पडला. नंबर बदललेले होते. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसला.

मी नवं पान घेतलं. माय सांगत गेली, मी स्केचपेननं लिहीत गेले. "मोठा मोठा लिख," ती म्हणाली. नंबरापुढे मी चॅनेलचं नाव लिहायला लागले तर तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि बांगडी स्वतः काढली.

जळगावला आमच्याकडे नेटवरचाच टीव्ही आहे आणि तो निर्णय मी बदलणार नाही. आमच्या घराला तो परवडतो आणि पुरतो. मायचं नेटही ठेवलंय, पण वहीत ते पान आता टीव्हीच्या पानाला जोडलंय आणि बेरीज खरी लिहिली आहे. भावालाही कळवली.

रात्री मालिकेच्या वेळी मी मायला फोन लावते आणि तो स्पीकरवर ठेवून आम्ही दोघी एकच भाग बघतो, ती धुळ्याला, मी जळगावला. तिचं चित्र पुढे असतं. माझ्या पडद्यावर अजून सासू देवघरात बसलेली असते, दार लोटलेलं असतं, कुणाची चाहूलसुद्धा नसते, आणि फोनमधून मायचा श्वास थांबल्याचं मला ऐकू येतं. मी हातातली भाजी खाली ठेवते. मग ती म्हणते, "उनी वं माय, उनी!" आणि मी माझ्या दाराकडे बघत बसते.