'आम्ही', 'आपण' आणि दोन दूरच्या भाषा

वेल्श आणि इलोकानो या भाषांचा परस्परांशी कुळाचा संबंध नाही. पहिली केल्टिक शाखेची, म्हणजे लांबच्या नात्याने मराठीची भाऊबंद. दुसरी ऑस्ट्रोनेशियन कुळातील, फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाच्या उत्तर भागात बोलली जाणारी. मग त्यांची तुलना कशासाठी, असा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या रूढ चौकटीत कोणीही विचारील. परंतु छोट्या म्हटल्या गेलेल्या भाषेचा विचार तिच्यावर सत्ता गाजवणाऱ्या भाषेच्या संदर्भातच करण्याची सवय अभ्यासकांना जडली आहे. वेल्शसमोर इंग्रजी ठेवायची, इलोकानोसमोर स्पॅनिश किंवा तागालोग. या उभ्या तुलनेत छोट्या भाषेचे उणेपणच तेवढे नजरेत भरते; आडव्या तुलनेत निराळे काही दिसू लागते.

दोन्ही भाषांत वाक्याचा प्रारंभ सामान्यतः क्रियापदाने होतो. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबणाऱ्या मराठी कानाला हे विलक्षण वाटेल. 'पाहिले मुलाने कुत्र्याला' ही रचना मराठीत कवितेत किंवा ठसक्यात येते, तेथे ती रोजची आहे. साम्य बहुतांशी येथेच सरते. इलोकानोत धातूच्या पोटात प्रत्यय शिरतो, त्याचा आरंभ द्विरुक्त होतो. वेल्शमध्ये नामाचे तोंडच बदलते. 'ताद' म्हणजे बाप; 'माझा' म्हणताना त्याचा 'न्हाद' होतो, 'त्याचा' म्हणताना 'दाद', 'तिचा' म्हणताना 'थाद'. 'त्याचा' आणि 'तिचा' यांना षष्ठीचे सर्वनाम एकच असल्याने बाप कोणाचा, हे पुष्कळदा बापाच्या पहिल्या व्यंजनावरून ठरते. मराठी सामान्यरूपात शब्दाची शेपटी तेवढी बदलते, त्यामुळे तो कोशात सापडतो. वेल्श शिकणाऱ्याला कोश उघडण्यापूर्वीच थोडे व्याकरण यावे लागते.

याहून अर्थपूर्ण भेद प्रथमपुरुषी अनेकवचनाचा आहे. इलोकानोत 'दातायो' म्हणजे ऐकणाऱ्यासह सर्व, 'दाकामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून इतर. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याचे कारण नाही. 'आपण' आणि 'आम्ही' यांत तो हाच विवेक दिवसभर करीत असतो, आणि मराठीला तो द्राविड भाषांच्या सहवासातून लाभला असे भाषाभ्यासक मानतात. इलोकानो आणखी एक पाऊल पुढे जाते. केवळ बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांसाठी तिच्यात 'दाता' हे स्वतंत्र सर्वनाम आहे. (मराठी 'दात्या'शी त्याचा संबंध नाही, हे सांगायला हवे.) वेल्शपाशी मात्र या सर्वांना मिळून एकच शब्द आहे, 'नी'. त्यात शेजारचा इंग्रज आहे की नाही, हे व्याकरण सांगत नाही.

जे व्याकरण सांगत नाही ते वेल्श समाजाला संस्थांच्या द्वारे सांगावे लागले, असे म्हणण्याचा मोह होतो. हा कार्यकारणभाव अर्थातच भाषाशास्त्रीय नव्हे. पण इतिहासाची जुळणी लक्षणीय आहे. १५३६च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांतून वेल्श भाषेला घालवले. त्याच राज्यसत्तेने पुढे धर्मप्रसारासाठी बायबलच्या वेल्श भाषांतराची आज्ञा केली आणि १५८८मध्ये विल्यम मॉर्गन याचे संपूर्ण बायबल निघाले. त्यातून भाषेला प्रमाण गद्य मिळाले. इलोकानोचे मुद्रणही धर्मग्रंथानेच सुरू होते. १६२१मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या ऑगस्टिनियन पाद्र्याची प्रश्नोत्तरी निघाली. तिच्यातला एक तपशील देवनागरी वाचणाऱ्याने थांबून पाहावा असा आहे. फिलिपाइन्सची बायबायिन लिपी ब्राह्मीच्याच वंशातली, पण तिच्यात अक्षराचा पाय मोडण्याची सोय नव्हती. शेवटचे व्यंजन लिहिलेच जात नसे, वाचणाऱ्याने ते ओळखायचे. लोपेझने त्यासाठी अक्षराखाली क्रुसाचे चिन्ह योजले. आपल्याला ज्याचा विराम म्हणून परिचय आहे, ते चिन्ह तेथे क्रूस होऊन आले! ते रुळले नाही, आणि कालांतराने लिपीही मागे पडून रोमन आली.

पुस्तकाला दोन्ही भाषांत लॅटिनचाच शब्द आहे: वेल्शमध्ये रोमन सैन्याच्या काळापासूनचा, इलोकानोत स्पॅनिशमार्गे आलेला 'लिब्रो'.

यानंतर वाटा फुटतात. इलोकानोपाशी माणसे उदंड. तिचे भाषक ८० लाखांच्या आसपास मानले जातात. उत्तर लुझॉनमध्ये इतर भाषकही बाजारात तीच बोलतात. लेओना फ्लोरेंतिनोसारखी कवयित्री तिला एकोणिसाव्या शतकात लाभली, १९३४पासून 'बन्नावाग' हे नियतकालिक तिच्यात निघत आले. तरीही १९३७मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची निवड झाली आणि इलोकानो 'प्रादेशिक' ठरली. वेल्श बोलणारे २०२१च्या जनगणनेत जेमतेम ५ लाख ३८ हजार, म्हणजे वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के, पण तिला 'प्रादेशिक' म्हटलेले वेल्समध्ये खपणार नाही. साँडर्स लुइस यांनी १९६२च्या नभोवाणी व्याख्यानात भाषेच्या मरणाचे भाकीत केले आणि तिच्या वापरासाठी प्रशासनाची अडवणूक करावी असे सुचवले. त्याच वर्षी भाषासंघटना उभी राहिली, १९८२मध्ये स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आली, २०११मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. टक्केवारी तरीही घसरतीच आहे, हेही नोंदवले पाहिजे. संस्था भाषेला मान देऊ शकतात. घरातल्या चुलीपाशी ती बोलली जावी ही व्यवस्था त्यांच्या हाती नसते. इलोकानोचे नेमके उलटे झाले. चूल तिची होती, म्हणून शाळेची गरज कोणाला भासली नाही.

ती भासू लागली तेव्हाचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. २०१२पासून फिलिपाइन्सच्या शाळांत पहिल्या इयत्तांना मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण अमलात आले आणि इलोकानो मुलाला अक्षरओळख घरच्या भाषेत होऊ लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये नव्या कायद्याने ही सक्ती काढून टाकली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, मातृभाषा साहाय्यापुरती. त्याच सुमारास वेल्समध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुले वेल्श माध्यमाच्या शाळेत 'ताद'चा 'न्हाद' करायला शिकत होती.