वडिलांनी करून दिला ना?

माझी मुलगी आठवीत असताना तिने शाळेच्या प्रकल्पासाठी शोभेचा दिवा करायला घेतला. आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट, त्यावर पतंगाचा कागद आणि आत तीन लाल एलईडी. मी म्हटले, "तयार दिवा विकत आणू." ती म्हणाली, "पप्पा, मग त्यात माझे काय?"

आम्ही बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठ म्हटले की लोक भलतेच हसतात. पण पुण्यातली शिकणारी पोरे विजेचे सुटे भाग घ्यायला याच पेठेत येतात.

घरी येऊन तिने एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. क्षणभर लखलखला आणि कायमचा विझला! पोर रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गल्ली. दुकानदाराने समजावले, लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने सोसायचे. प्रत्येक एलईडीला ४७० ओहमचा एक रेझिस्टर लावला, की सुमारे १५ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जातो. तिने हिशेब वहीत उतरवला. रात्री दिवा लागला.

शाळेत तपासणाऱ्यांनी विचारले, "वडिलांनी करून दिला ना?" तिने फळ्यावर सगळा हिशेब मांडून दाखवला. सातवीत शाळा सुटलेल्या मला तो आजही जमत नाही.

पालकहो, मुलांचे काम आपण करू नये. दुकानापर्यंत मात्र सोबत जरूर जावे.